दारुडा म्हणा, चालेल

माझ्या भावाला लोकांनी वेडा म्हणू नये म्हणून आम्ही त्याला दारुडा म्हणवून घेतलं. आम्ही म्हणजे मी, माझी भावजय, आणि थोडं त्यानंही. हे असं सरळ लिहायला मला दोन वर्षं लागली. आधी कागद पुढं घेतला की मी त्या व्यसनमुक्ती केंद्रवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची, आणि त्यातच कागद संपायचा. मग एक दिवस वाटलं, बाई, त्यांच्या गाडीला घरापर्यंतचा रस्ता कुणी दाखवला, ते लिही की आधी.

तर पहिल्यापासून सांगते. मी राहते भोरला, एसटी स्टँडच्या मागच्या आळीत. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचन रद्दीच्या दुकानातलं. ब्लाउज शिवून दोन पोरी उजवल्या. मालक जाऊन बारा वर्षं झाली. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तो राहतो आमच्या माहेरच्या गावी, वेल्ह्याकडं, डोंगराच्या पोटात. गवंडी आहे. पुण्याच्या लोकांनी धरणाच्या पाण्याकडं तोंड करून जे बंगले बांधलेत ना, त्यातल्या चांगल्या दगडी भिंती त्याच्या हातच्या. ओळंबा सोडायच्या आधीच नुसत्या डोळ्यानं सांगायचा, हितं सूतभर बाहेर आलीय. लोक ओळंबा सोडून बघायचे आणि गप बसायचे.

वडिलांची रस्त्याकडची जमीन विकायला निघाली तेव्हाची गोष्ट आहे. आमच्याकडं अशा वेळी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाकडून एक साडी घ्यायची आणि माघारी फिरायचं. मीही तेवढ्याच तयारीनं गेले होते. त्यानंच मला रजिस्टर ऑफिसच्या पायरीवर थांबवलं. म्हणाला, "आक्का, हिस्सा घे. तुझाबी बापच हुता त्यो." भावजयीनं तोंड फिरवलं. गावानं तर ते वर्षभर चघळलं, की बघा, बहिणीनं भावाच्या ताटात हात घातला. पण त्यानं माझा वाटा मला दिला. मी तो बँकेत ठेवला, म्हातारपणाला म्हणून. हे सांगितलं अशासाठी की पुढं जे काही केलं ते मी त्याच पैशानं केलं. पैसा माझ्याकडं नसता तर ते मला सुचलंही नसतं.

मग तीनेक वर्षांपूर्वी तो बसून राहायला लागला. आजारी नाही, ताप नाही, कुणाशी भांडण नाही. कामावर जायचा, थापी हातात घ्यायचा आणि तशीच धरून उभा राहायचा. ठेकेदारानं दोनदा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा घरी पाठवलं. मी जाऊन विचारलं, डोक्यात काय चालतंय रे तुझ्या? तो म्हणाला, "काय बी चालत न्हाई आक्का. त्योच तर वांदा हाय." झोप नव्हती त्याला. झोपेसाठी म्हणून त्यानं घ्यायला सुरुवात केली. आधी थोडी, मग रोज. पण पिऊन कधी गोंधळ नाही, हात उचलणं नाही. घ्यायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा.

भोरच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टर येतात, हे मला ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईनं सांगितलं होतं. मी भावाला तसं म्हटलं. तो नाही म्हणाला नाही. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, एकटाच एसटीनं आला. मला अजून तो शर्ट दिसतो, निळ्या चौकडीचा.

डॉक्टरीणबाई माझ्या पोरींपेक्षाही लहान. तिनं मला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी बोलत बसली. किती वेळ! बाहेरची माणसं कुरकुरायला लागली. मग मला आत घेतलं आणि म्हणाली, "आजी, दारू मागनं आलीय. आधी यांचं मन आजारी पडलंय. दोन्हीला औषध आहे, पण लगेच गुण येणार नाही, तीन-चार आठवडे तरी धीर धरा. आणि दर महिन्याला घेऊन या." केसपेपरला दहा रुपये लागले. गोळ्या फुकट. बाहेर आम्ही चहा घेतला तेव्हा तो म्हणाला, लई वर्षांनी कुणी एवढं इचारलं. आणि चहा पिता पिता थोडा हसलाही.

गोष्ट तिथंच संपवता आली असती. सगळं नीट चाललं होतं. पण मला ते दहा रुपये टोचायला लागले. बँकेत पैसा पडलाय आणि माझा भाऊ कुत्रं चावलेल्या माणसांच्या मागं रांगेत उभा राहतोय. दहा रुपयात कुठं माणूस बरा होतो का? मी स्वतः कधी कुणाला दहा रुपयात ब्लाउजची काज-बटणंसुद्धा करून दिली नाहीत. असा माझा हिशेब.

तिकडं घरी भावजयीनं केसपेपर बघितला. तिला वाचता येतं, आणि वर जांभळ्या शाईत शिक्का होता, मानसोपचार विभाग. त्यांची पोरगी, माझी भाची, तेव्हा भोरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिला कापूरहोळच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, घरी गाडी, आणि पाहुणे चौकशी करूनच पाऊल टाकणारे. भावजय तो कागद पदराखाली लपवून, दोन एसट्या बदलून माझ्याकडं आली. पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं. बसली आणि म्हणाली, "वन्सं, दारू पित्यात म्हणून सांगू. त्येला कोण नावं ठेवत न्हाई. पावण्यात एक तरी घर दावा बिगरदारूचं. पर ह्यो शिक्का कुणी बघितला, तर पोरगी जन्मभर घरात बसंल. रक्तात हाय म्हणत्यात लोक."

मी तिला काय सांगायला हवं होतं ते आता मला कळतं. त्या दिवशी मी म्हणाले, बरोबर आहे तुझं.

गोळ्या बाराव्या दिवशी बंद झाल्या. तोंड सुकतं, सुस्ती येते, गुण तर दिसत नाही, आणि कुणी तरी म्हणालं की या गोळ्यांची सवय लागते. डॉक्टरीण म्हणाली होती महिनाभर धीर धरा. आम्ही बारा दिवस धरला. पुढच्या महिन्याच्या तारखेला मी त्याला फोनही केला नाही.

पाहुणे आले तेव्हा मी तिथं होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या चुलत्यानं खाकरून विचारलं, काय हो, तब्येत उतरलेली दिसती तुमची, काम बंद हाय म्हणत्यात. आणि माझा भाऊ, जो दिवसाला चार शब्द बोलत नव्हता, हसला आणि म्हणाला, "थोडी घेतो कधीमधी. तेवढंच." पाहुणे पण हसले. चुलता म्हणाला, मग आमच्यातलंच की तुमी. सगळ्यांना हलकं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर तो जास्त प्यायला लागला. आता कळतं, आम्ही त्याला एक पाटी दिली होती गळ्यात घालायला, आणि तो माणूस बिचारा ती खोटी पडू नये म्हणून राबत होता. दुपारची सुरू झाली. एकदा गटाराच्या कडेला पडला. भावजयीला त्याचंही फारसं वाईट वाटलं नसावं, चारचौघांनी बघितलं ना, की दारूच आहे.

मग मी केंद्र शोधलं. एसटी स्टँडवर कागद चिकटवलेला होता, व्यसनमुक्ती, शंभर टक्के खात्री. फोन केला. पुण्याच्या पलीकडं होतं. मी मुद्दाम जाऊन बघून आले, कारण मी काही तशी अडाणी नाही, बघितल्याशिवाय पैसा टाकत नाही. लग्नाला कार्यालय ठरवावं तसं मी ते केंद्र ठरवलं बघा. जेवण काय असतं, खोल्या किती, पंखे आहेत का, पाणी गरम मिळतं का. साधं, मध्यम आणि स्पेशल असे तीन भाव होते. मी स्पेशल म्हणाले. तुळशीवृंदावन होतं, फरशी चकचकीत होती. पांढऱ्या सदऱ्यातली माणसं ओळीनं बसली होती, मी आत गेले तशी सगळी एकदम उठून उभी राहिली आणि नमस्कार म्हणाली. मला ते फार आवडलं. शिस्त म्हणाले मी मनात. इथं डॉक्टर कोण येतो आणि कधी येतो, एवढं विचारायचं मात्र सुचलं नाही. उलट वाटलं, बरं आहे, इथं कुठं मानसोपचाराचा शिक्का नाही.

चालवणारे सर म्हणजे एके काळचे पिणारेच. गोड बोलायचे. म्हणाले, ताई, पेशंटला आधी सांगू नका, पळून जातो. आमची माणसं येतात गाडी घेऊन. गाडीचे पैसे किलोमीटरवर, वेगळे. अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचता येतं याचा मला फार गर्व आहे. वाचला आणि सही केली.

आमच्या गावाला मोबाईलची रेंज धड नाही, दोन ठिकाणी रस्ता फुटतो. म्हणून ठरलं की मी कापूरहोळला थांबायचं आणि गाडीत बसून रस्ता दाखवायचा. मी भोरहून सकाळच्या एसटीनं येऊन धाब्यावर बसले. जीप आली. मागं चार जण, मनगटात कडं घातलेले. पुढची सीट माझ्यासाठी मोकळी. सबंध रस्ताभर ते मला आजी आजी करत होते, एकानं मला संत्र्याच्या गोळ्या दिल्या.

दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. तो ओसरीवर बसला होता. त्या दिवशी त्यानं घेतलेली नव्हती, नीट शुद्धीत होता. दारात जीप थांबली म्हणून उठला, आणि पुढच्या सीटवर मला बघून त्याचा चेहरा उजळला. तेवढा उजळलेला मी वर्षात बघितला नव्हता. आत तोंड करून भावजयीला म्हणाला, आक्का आलीय, चहा टाक. आणि मला उतरायला हात द्यायला पुढं आला. तेवढ्यात मागची दारं उघडली.

त्यानं झटापट केली नाही. त्यांना तयारी होती झटापटीची, एकाच्या हातात दोरी होती, ती तशीच राहिली. दोघांनी दंड धरले, एकानं मान खाली दाबली. गाडीत जाता जाता तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "आक्का, सांगितलं असतंस तर मी आलो असतो."

येऊन गेला होताच की तो. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटा, माझ्या एका शब्दावर.

माघारी मी त्या गाडीत बसले नाही. भावजयीनं चहा केला होता, तो मी प्यायले. शेजारच्या बायका जमल्या. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. हिस्सा घेतला म्हणून ज्यांनी नाकं मुरडली होती त्याच म्हणाल्या, अशी बहीण पाहिजे, भावासाठी पैसा लावला. मी ते ऐकून घेतलं. बरं वाटत होतं, काय लपवू.

पहिले पंचेचाळीस दिवस भेट नाही, फोन नाही. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला. साबणाचे वेगळे, सतरंजीचे वेगळे, मन रमवण्याच्या खेळांचे वेगळे. भेटीला गेले तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं आणि सदरा अंगावर लोंबत होता. मी विचारलं, जेवतोस का? त्यानं हात जोडले आणि म्हणाला, हो. झोप लागते का? हो. डॉक्टर बघतात का? सरांकडं बघून, हो. मी म्हणाले, अरे मी आहे, हात कशाला जोडतोस. तर त्यालाही हो म्हणाला. सर शेजारी बसून हसत होते. म्हणाले, बघा ताई, किती नम्र झालाय. रात्री सगळ्यांना एक तपकिरी गोळी देतात, असं तिथला एक जण मला कुजबुजून म्हणाला. कसली ते त्याला माहीत नव्हतं, आणि मी सरांना विचारलं नाही. सरांना राग आला तर त्याचा त्रास माझ्या भावाला होईल, अशी भीती वाटली. म्हणजे मला त्या दिवशीच कळलं होतं. आणि तरी मी पुढचे दीड महिने पैसे भरले. मधेच आणला तर आधीचं सगळं वाया जाईल, असं सर म्हणाले होते. गावाला काय सांगायचं, असं भावजय म्हणाली होती. आणि पैसा माझा होता, तो चुकीच्या ठिकाणी गेला हे कबूल करायला माझी जीभ रेटत नव्हती.

सोडायच्या दिवशी कार्यक्रम केला त्यांनी. प्रत्येकानं माइकवर येऊन घरच्यांचे आभार मानायचे. भाऊ आला, म्हणाला, माझ्या बहिणीमुळे मी सुधारलो. पाठ केलेलं म्हणावं तसं. टाळ्या झाल्या, मला नारळ दिला.

दारू सुटली त्याची. हे खोटं सांगणार नाही, तेव्हापासून थेंब नाही. शंभर टक्के खात्री होती ती खरी ठरली. फक्त आता तो दिवसाला चारऐवजी एकही शब्द बोलत नव्हता. दारात कुठली जीप थांबली, टेम्पो थांबला, तरी मागच्या दारानं डोंगराकडं निघून जायचा. भिंतीकडं तोंड करून तसाच पडायचा, फक्त शुद्धीत. डॉक्टरीण म्हणाली होती ना, दारू मागनं आलीय. मागनं आलेली आम्ही काढली आणि आधीची तशीच ठेवली.

आणि ते स्थळ. ते मोडलं. चुलत्याचा निरोप आला, थोडी घेतो म्हणाला होतात, तीन महिने कोंडून ठेवावं लागलं म्हणजे लई पीत असणार, आम्हाला तसलं घर नको. भावजय माझ्याकडं येऊन रडली. मी तिच्यासमोर बसून तिच्याच ब्लाउजला काजं करत होते. दोघींपैकी कुणीच शिक्क्याचा विषय काढला नाही.

विषय काढला भाचीनं. तिला तो केसपेपर सापडला, कपाटात, तिच्याच दहावीच्या सर्टिफिकेटांत ठेवलेला. तिनं आईला काय विचारलं ते मला माहीत नाही, मला तिनं एकच विचारलं, किती दिवस गोळ्या दिल्या होत्या? मी म्हणाले, बारा. मग तिनंच वडिलांना समजावलं. जीपमध्ये नाही, कुणाच्या गाडीत नाही, एसटीनं जायचं, तिकीट तुमी काढायचं, वाटेल तिथं तुमी उतरायचं. महिनाभर रोज सांगत होती म्हणे. मग एका ठरल्या दिवशी तो आला.

डॉक्टरीणबाई तीच आहे. मी आधी एकटीच जाऊन तिला भेटले, सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, आजी, माणसाला असं उचलून नेता येत नाही, कायद्यानंही नाही. मग म्हणाली, मला त्या महिन्यात एक फोन करायचा. मी म्हणाले, तुमचा नंबर केसपेपरावर होता.

आता दर महिन्याला बापलेक येतात. दहा रुपयांचा केसपेपर, फुकटच्या गोळ्या. माझ्या बँकेत त्या हिश्श्यातलं आता फारसं काही उरलं नाही, आणि त्याची कुणाला गरजही पडत नाही. पहिल्याच वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले होते. त्यानं मला लांबून बघितलं आणि स्टँडकडं माघारी वळला. पोरीनं कसाबसा परत आणला. नंतर संध्याकाळी मला फोन केला. म्हणाली, "आत्या, तुमी येऊ नका. तुमी दिसलात की बाबा आत जात न्हाईत."

तर मी जात नाही. माझं घर तिथून पाच मिनिटांवर आहे. ते यायच्या दिवशी मी डबा करते, भाकरी, आमटी, भात. भाची माझ्याकडून घेऊन जाते आणि त्याला सांगते की खानावळीतून आणला. दोन वेळा असं झालं. तिसऱ्या महिन्यात तिनं डबा परत दिला तर आत शंभराची एक नोट, घडी केलेली. मी म्हणाले, हे काय? ती म्हणाली, बाबा म्हणाले, खानावळीचे देऊन ये. मी विचारलं, त्याला कळलं का गं? तर म्हणाली, पहिल्याच दिवशी कळलं, आमटी आजीसारखी हाय म्हणाले. आजी म्हणजे आमची आई.

पुढच्या वेळी मी नोट तशीच डब्याच्या तळाला घालून पाठवली. डबा भरलेला माघारी आला. भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. त्यानंतर मी पैसे घेते. घेते आणि गप बसते.

पोरगी सांगते, बोलायला लागलेत थोडं थोडं. शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत बघून, वाकडी हाय म्हणाले. माझ्याबद्दल काही बोलतो का, ते मी तिला विचारत नाही. गेल्या महिन्यात डब्यात नव्वदच रुपये होते. मी मोजून बघितले, पोरीकडं बघितलं. ती ओशाळून हसली. म्हणाली, बाबांनी सांगितलंय, एक भाकरी करपलेली हुती, त्येचे दहा कापलेत.

त्या भाकऱ्या मी स्वतः एकेक बघून घातल्या होत्या. एकही करपलेली नव्हती.